ठिबकवरचा भात आणि खताचं वेळापत्रक: मोहोळ तालुक्यातल्या खरीप नोंदी

१२ जून. जमीन, पाणी, तुकडे

सोलापूर जिल्ह्यात भात हे मुख्य पीक नाही. इथला पाऊस साधारण ५०० ते ५५० मिमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. पण डाळिंब आणि उसामुळे ठिबकचे संच घरोघरी आहेत, आणि घरच्या खाण्यापुरता तांदूळ ठिबकवर काढता येईल का, हे लोक वारंवार विचारतात. पाण्याचा हिशेब अनेकांनी मांडलेला आहे. या नोंदी खताच्या आहेत: ठिबकमधून खत दिल्यानं भाताची वाढ आणि उतारा कसा बदलतो, आणि या चुनखडीच्या काळ्या रानात ते कुठं अडतं.

माती भारी काळी, सामू (पीएच) ८ च्या वर. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की फसफसतं, म्हणजे मोकळा चुना भरपूर. माती परीक्षणात लोह आणि जस्त दोन्ही कमी. आपल्याकडे लोहाची किमान पातळी किलोमागे ४.५ मिलिग्रॅम आणि जस्ताची ०.६ मिलिग्रॅम धरतात. रान दोन्हींच्या खाली आहे. बोअरचं पाणी जड, तोटीवर पांढरा थर धरणारं.

चार तुकडे, प्रत्येक २५ मीटर बाय ९.६ मीटर, म्हणजे २४० चौरस मीटर.

अ: ठिबकमधून शिफारशीच्या १०० टक्के खत.
ब: ठिबकमधून ७५ टक्के.
क: पाणी ठिबकनं, खत हातानं तीन हप्त्यांत, १०० टक्के.
ड: चिखलणी, रोपलागण, पाणी बांधून. खत हातानं, १०० टक्के.

ड शिवाय तुलना अपुरी राहिली असती. साचलेल्या पाण्यात भाताला काय आयतं मिळतं, ते त्याच मातीत शेजारी दिसायला हवं.

१८ जून. नळ्यांची रचना

१६ मिमीची इनलाइन नळी, ड्रिपर ४० सेंमीवर, प्रवाह ताशी १.३ लिटर. दोन नळ्यांत ६० सेंमी. प्रत्येक नळीवर भाताच्या तीन ओळी, ओळींत २० सेंमी: मधली ओळ नळीला लागून, बाकीच्या दोन २० सेंमी अलीकडे-पलीकडे. तुकड्यात १६ नळ्या, ४८ ओळी, सुमारे ९९२ ड्रिपर.

ताशी २ किंवा ४ लिटरचे ड्रिपर मुद्दाम टाळले. ९९२ ड्रिपर गुणिले १.३ म्हणजे ताशी सुमारे १,२९० लिटर, २४० चौरस मीटरवर ५.४ मिमी. ६ मिमी पाणी द्यायला ६७ मिनिटं लागतात. या वेळात साधं पाणी, खत आणि पुन्हा साधं पाणी असे तीन टप्पे नीट बसतात. हेच ४ लिटरच्या ड्रिपरवर वीस-बावीस मिनिटांत उरकतं. खत सगळीकडे पोचायच्या आत पाळी संपते, नाहीतर खत पोचवण्यासाठी जादा पाणी सोडावं लागतं आणि ते नत्राला मुळांच्या खाली ढकलतं. भाताची मुळं बहुतांशी वरच्या १५-२० सेंमीत असतात.

प्रत्येक तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळं पाणी मीटर. मुख्य नळीवर चकती फिल्टर, मग पाऊण इंची व्हेंच्युरी (दाबाच्या फरकानं बादलीतलं खत नळीत ओढणारा भाग), दोन्ही बाजूंना दाबमापक. व्हेंच्युरीच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह अनेक संचांवर नसतो. पंप बंद पडल्यावर खताचं पाणी उलटं बोअरमध्ये जायला तेवढी एक उणीव पुरते.

अ, ब, क मध्ये १५ सेंमी खोल टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ताणून धरते ते दाखवणारा मापक. काटा १५ सेंटिबारवर आला की पाणी. लोंबीच्या काळात १० वरच.

२४ जून. खताचा हिशेब

शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश. २४० चौरस मीटरला २.४ : १.२ : १.२ किलो.

स्फुरद १२:६१:०० मधून (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के). १.२ भागिले ०.६१ म्हणजे १.९७ किलो, त्यातून ०.२४ किलो नत्रही येतं. उरलेलं २.१६ किलो नत्र युरियातून, म्हणजे ४.७ किलो युरिया. पालाश ००:००:५० मधून, २.४ किलो. ब तुकड्यासाठी हे सगळं पाऊणपट.

अ तुकड्याचं वेळापत्रक असं:

पेरणीनंतर १२ ते ४५ दिवस, पाच हप्ते, दर वेळी युरिया ३६७ ग्रॅम, १२:६१:०० ३९५ ग्रॅम, ००:००:५० १४४ ग्रॅम. यात ४५ टक्के नत्र, सगळं स्फुरद, ३० टक्के पालाश.

४६ ते ७० दिवस, चार हप्ते, युरिया ५२२ ग्रॅम, ००:००:५० २४० ग्रॅम. ४० टक्के नत्र, ४० टक्के पालाश.

७१ दिवसांपासून निसवणीपर्यंत (लोंबी बाहेर पडेपर्यंत) दोन हप्ते, युरिया ३९१ ग्रॅम, ००:००:५० ३६० ग्रॅम.

पहिले बारा दिवस ठिबकमधून काहीही नाही. कोंब तेव्हा दाण्यातल्या साठ्यावर जगतो, मूळ बोटभर असतं, आणि दिलेलं नत्र तणाला मिळतं.

क तुकड्याला पेरणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट ७.५ किलो, ००:००:५० २.४ किलो आणि ४० टक्के युरिया म्हणजे २.१ किलो. मग फुटव्यांच्या वेळी २.१ किलो, लोंबी धरताना १ किलो. ड चं प्रमाण हेच, पहिला हप्ता चिखलणीत.

चारही तुकड्यांत शेणखत २४० किलो आणि झिंक सल्फेट ६०० ग्रॅम जमिनीतून. झिंक सल्फेट बादलीत १२:६१:०० बरोबर घालायचं नाही. झिंक फॉस्फेटचा साका बसतो, जस्तही जातं आणि स्फुरदही.

२७ जून. पेरणी

वाण सहभागी धान. उघड्या रानात कमी पाण्यावर तग धरणारं, साधारण १०५ ते ११० दिवसांचं. बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बुडवलं, तरंगलेलं काढलं, दोनदा धुऊन सावलीत सुकवलं. किलोला थायरम ३ ग्रॅम, पेरणीआधी अझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम. तुकड्याला साधारण एक किलो बी, दोन ते तीन सेंमी खोल. काळ्या रानात चार सेंमीच्या खाली गेलेलं बी वरच्या पापुद्र्याखाली अडकतं. ड साठीचं रोप आजच गादीवाफ्यावर टाकलं.

नळ्या पेरणीनंतर अंथरल्या, टोकं खुंटीला ताणून. उन्हात नळी लांबते, सैल पडली की ओळीवरून सरकते.

२९ जून

पेंडीमिथॅलिन ३० टक्के, तुकड्याला ८० मिली, ओल्या जमिनीवर. चिखलणी नसलेल्या भातात तणाचा हल्ला पहिल्या महिन्यात असतो, आणि ठिबकमधलं खत तणालाही तितकंच लागू पडतं. लव्हाळा यानं जात नाही, तो खुरप्यानंच काढायचा. खुरपणाऱ्या बायकांना नळी आधी उचलून देणं हे काम लावणाऱ्याचं आहे. नळी कापली जाते ती घाईत.

९ जुलै. पहिला हप्ता

विरघळवण्याचा क्रम महत्त्वाचा. ००:००:५० सगळ्यात हळू विरघळतं, लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास त्याची मर्यादा. युरिया विरघळताना पाणी थंडगार करतो. युरिया आधी टाकला तर थंड पाण्यात पालाश तळाशी बसून राहतं. म्हणून आधी ००:००:५०, पूर्ण विरघळल्यावर १२:६१:००, शेवटी युरिया. वीस लिटरची बादली, फडक्यातून गाळून, व्हेंच्युरीची शोषनळी तळापासून चार बोटं वर.

बाटलीतली चाचणी आधीच केली: आपल्याच बोअरचं पाणी, बादलीच्याच प्रमाणात खत, दोन तास स्थिर. तळाशी पांढरी धूळ दिसली. पाण्यातलं कॅल्शियम आणि खतातलं स्फुरद यांचा तो साका. पाण्यात आधी थोडं सायट्रिक आम्ल टाकून सामू ६ च्या खाली आणल्यावर बाटली स्वच्छ राहिली. स्फुरदाच्या प्रत्येक हप्त्याला तसंच करायचं ठरलं.

वेळ: पहिली १८ मिनिटं साधं पाणी, ३० मिनिटं खत, उरलेली १९ मिनिटं साधं पाणी. शेवटचा टप्पा कापायचा नाही. नळीत राहिलेलं खत उन्हात आटतं आणि ड्रिपरच्या वाटेत थर धरतो.

खत शेवटच्या ड्रिपरपर्यंत कधी पोचतं ते टोकाला वाटी ठेवून ईसी पेननं (पाण्यातल्या क्षारांमुळे वीज किती वाहते ते मोजणारा) पाहिलं. इथं एक लक्षात ठेवायचं: नुसता युरिया असेल तर ईसी वाढत नाही, कारण युरियाचे आयन होत नाहीत. पेन शांत राहतो आणि खत पोचलंच नाही असं वाटतं. ही चाचणी पालाशच्या हप्त्यालाच घ्यायची.

१८ जुलै. केवडा

अ, ब, क तिन्ही तुकडे पिवळे पडायला लागलेत. नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. काही ठिकाणी सगळ्यात कोवळं पान जवळजवळ पांढरं. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार.

पिवळेपणाचं निदान पानाच्या वयावरून करायचं. नत्र कमी असेल तर जुनं पान आधी पिवळं पडतं, टोकाकडून, कारण झाड त्यातलं नत्र काढून शेंड्याला नेतं. लोह झाडात असं हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याला दिसते. जस्ताची असेल तर खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात. आपल्या तुकड्यांत ठिपके नाहीत, जुनं पान हिरवं आहे. हा लोहाचा केवडा.

कारण मुळाशी आहे, अगदी शब्दशः. पाणी साचलेल्या चिखलात हवा संपते, मातीतलं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं, चुनखडीच्या जमिनीचा सामूही खाली येतो, स्फुरद मोकळं होतं. ठिबकवर जमीन वाफशावर राहते, मुळाशी हवा असते, आणि तेच लोह गंजाच्या रूपात बसून राहतं. पाणी वाचतं तेव्हा साचलेल्या पाण्याबरोबर येणारी ही सोय जाते. ठिबकवरच्या भाताला खताचं नियोजन म्हणजे आधी ही सोय भरून काढणं. ड चं रोप गादीवाफ्यावर असताना फिकं होतं. ते आता चिखलात जाईल तेव्हा काय होतं ते पाहायचं.

इथं सगळ्यात मोठी गफलत होते. पानाचा रंग पाहण्याची पट्टी आपण वापरतो: सकाळी, अंगाच्या सावलीत, दहा झाडांचं सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीला लावायचं, दहापैकी सहा फिकी निघाली तर नत्र. केवडा असताना हीच पट्टी खोटं सांगते. पान फिकं, म्हणून युरिया. युरियानं वाढ जोर धरते, उपलब्ध लोह आणखी पातळ पसरतं, शेंडा आणखी पांढरा. केवडा उतरेपर्यंत पट्टी बाजूला ठेवली.

आज संध्याकाळी फवारणी: १० लिटर पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) ५० ग्रॅम, सायट्रिक आम्ल १० ग्रॅम. सायट्रिक आधी टाकायचं, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवट असलं पाहिजे. ते तपकिरी-पिवळं झालं तर लोह हवेनं गंजलं, ते पानाला लागू पडत नाही. म्हणून रात्री भिजवून ठेवलेलं द्रावण वापरायचं नाही. हाच डोस आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

२२ जुलै. लोह ठिबकमधून, आणि अमोनियम

फवारणीनंतर उघडलेली पानं हिरवी आहेत, आधीची पिवळी तशीच. फवारलेलं लोह पुढच्या पानाला जात नाही, त्यामुळे जमिनीतून सोय हवीच.

हिराकस ठिबकमधून देण्यात अर्थ नाही. जड पाण्यात आणि चुनखडीच्या मातीत ते तासाभरात बसतं, ड्रिपरही तपकिरी करतं. चिलेटेड लोहातही, म्हणजे सेंद्रिय रेणूनं धरून ठेवलेल्या लोहातही, फरक आहे. ईडीटीए सामू साडेसहाच्या वर लोह सोडून देतं आणि कॅल्शियम धरतं. दुकानात बहुतेक वेळा हेच हाती येतं. डीटीपीए साडेसातपर्यंत. आपल्या ८ च्या वरच्या जमिनीत फक्त ईडीडीएचए टिकतं. महाग आहे. अ, ब, क प्रत्येकी १२० ग्रॅम, हेक्टरी ५ किलोच्या मानानं, पाळीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, म्हणजे मुळांजवळ राहील. द्रावण गडद लाल असतं. नळीच्या टोकाला लाल रंग दिसला की पोचलं, वेगळी चाचणी नको.

दुसरा बदल अ आणि ब मध्ये: पहिल्या टप्प्याच्या उरलेल्या हप्त्यांत युरियातलं अर्धं नत्र अमोनियम सल्फेटमधून. अ साठी युरिया १८४ ग्रॅम आणि अमोनियम सल्फेट ४१२ ग्रॅम. मूळ अमोनियम घेतं तेव्हा आजूबाजूची माती किंचित आम्ल करतं आणि तिथलं लोह, स्फुरद सुटतं. नायट्रेट घेतं तेव्हा उलट होतं. हवेशीर जमिनीत अमोनियमचं नायट्रेट व्हायला फार दिवस लागत नाहीत, म्हणूनच थोडं थोडं आणि आठवड्याला देणं कामाचं. एकदम दिलेलं अमोनियम दोन आठवड्यांनी अमोनियम राहत नाही.

क मध्ये हा बदल केला नाही. चुनखडीच्या जमिनीवर वरून टाकलेलं अमोनियम सल्फेट अमोनिया वायू होऊन बरंच उडून जातं. ठिबकमधून ते पाण्याबरोबर मातीत शिरतं. तुलना करताना हे सांगितलं पाहिजे: खत कोणत्या रूपात द्यायचं याची मोकळीक हाही ठिबकमधून खत देण्याचाच भाग आहे.

१ ऑगस्ट. प्रवाह मोजला

अ तुकड्यातल्या टोकाच्या ओळी मागं पडलेल्या दिसल्या. सोळा ड्रिपरखाली सारख्या वाट्या लावून सहा मिनिटं पाणी धरलं. ताशी १.३ लिटरच्या ड्रिपरनं १३० मिली दिलं पाहिजे. सर्वांत कमी चार वाट्यांची सरासरी भागिले सगळ्या सोळांची सरासरी. ९० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, ८० च्या खाली गेलं तर खतही तितकंच विषम जातं आहे असं समजायचं. पाणी विषम असेल तर झाड वाफशातून थोडंफार सावरून घेतं, खताच्या बाबतीत तसं होत नाही.

एक नळी टोकाकडून कापून उभी चिरली. ड्रिपरच्या आतल्या नागमोडी वाटेत नखानं खरवडेल असा पांढरा थर. आम्लाचा थेंब टाकला, फसफसला: चुना. फसफसला नसता आणि बोटाला बुळबुळीत लागला असता तर शेवाळ, त्याला क्लोरीनची प्रक्रिया.

आम्ल प्रक्रिया: बादलीत आधी पाणी, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू, कधीही उलटं नाही; हातमोजे, चष्मा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू पीएच कागदावर ४ दिसेपर्यंत सोडलं, संच बंद करून रात्रभर ठेवलं, सकाळी टोकाच्या एंड कॅप एकेक काढून दाबानं धुतलं. पहिलं पाणी दुधासारखं आलं. एकावेळी तीन-चारच टोकं उघडायची, सगळी उघडली तर दाब पडतो आणि सुटलेला चुना नळीतच राहतो.

१० ऑगस्ट. फुटवे

क तुकड्यात पट्टे पडलेत. हातानं टाकलेल्या युरियापैकी जो नळीजवळ पडला तो विरघळून गेला, तिथली मधली ओळ गडद. दोन नळ्यांच्या मध्ये कोरड्या पट्टीवर पडलेला दाणा तसाच पांढरा दिसत होता, पावसाची सर येईपर्यंत. त्या दोन्ही बाजूच्या ओळींना फुटवे कमी. ठिबकवर पाणी घेऊन खत हातानं फोकणाऱ्यांनी निदान ते नळीच्या बाजूनं ओळीत द्यावं आणि लगेच पाणी सोडावं.

अ आणि ब चा रंग सारखा. फुटव्यांत ब अ च्या फार मागं नाही. ड चिखलात गेल्यापासून हिरवा झाला, एकदाही हिराकस न फवारता.

१६ ऑगस्ट. लोंबीची सुरुवात

दुसरा टप्पा दिवस मोजून सुरू करायचा नाही, खोड चिरून करायचा. मुख्य फुटवा जमिनीलगत कापून ब्लेडनं उभा चिरला. खालच्या पेराच्या वर, पानांच्या आत, एक-दोन मिलिमीटरचा पांढरा लवदार सुळका दिसला. हीच उद्याची लोंबी. अ मध्ये चिरलेल्या बहुतेक फुटव्यांत तो आहे, क मध्ये काहींतच.

या सुळक्यावर किती फांद्या आणि किती दाणे धरायचे ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. हातानं खत देणारा या वेळी शेवटचा हप्ता देतो, तोही पाऊस आणि मजूर जुळले तर. ठिबकमध्ये हा काळ चार हप्त्यांत विभागता येतो आणि उताऱ्यातला मोठा फरक मला वाटतं इथंच पडतो, फुटव्यांच्या काळात नाही. फुटवे वाढवणं सोपं आहे. लोंबी न धरणारे फुटवे नुसतं खत खातात.

२८ ऑगस्ट. व्हेंच्युरी

ब ला खत सोडताना बादलीतली पातळी खाली जायच्या ऐवजी वर आली. एकट्या छोट्या तुकड्याचा प्रवाह कमी, व्हेंच्युरीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडत नव्हता. बायपासचा व्हॉल्व्ह थोडा आवळून दाबाचा फरक वाढवला की शोषण सुरू होतं. फार आवळला तर तुकड्यात दाब राहत नाही, ड्रिपर टिपटिपतात. दोन्ही दाबमापक पाहत बसवावं लागतं, एकदा बसलं की व्हॉल्व्हवर खूण करून ठेवायची.

वीज रात्रीच्या पाळीत असेल तर खत सोडायचं नाही. ऑटो स्टार्टरनं पंप मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर कोणत्या टप्प्यात किती खत गेलं ते कळत नाही.

५ सप्टेंबर. पाऊस

तीन दिवस पाऊस, टेन्शिओमीटर शून्यावर. हप्ता देय आहे पण जमिनीला पाणी नको. भिजलेल्या भारी काळ्या जमिनीत हवा नसते. तिथलं नायट्रेट जिवाणू वायू करून उडवतात. युरिया या स्थितीत लगेच नायट्रेट होत नाही, तरी वाफसा जवळ येईपर्यंत थांबणं बरं. दोन दिवसांनी दिला, तोही छोट्या पाळीत: दहा मिनिटं पाणी, पंधरा मिनिटं खत, दहा मिनिटं पाणी, एकूण साधारण ३ मिमी.

पाऊस, ढग आणि हिरवीगार पात असली की करप्याकडे लक्ष. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसले तर नत्राचा हप्ता थांबवायचा, पालाशचा नाही. क मधल्या गडद पट्ट्यांत काही ठिपके सापडले, अ आणि ब मध्ये तुरळक.

१४ सप्टेंबर. निसवणी

अ आणि ब पोटरीतून बाहेर, लोंब्या बऱ्यापैकी एकसाथ. क मागंपुढं. शेवटचा हप्ता गेला, यानंतर नत्र नाही. उशिराचं नत्र पात हिरवी ठेवतं, खोड मऊ करतं आणि भात लोळतो. फुलोऱ्यात टेन्शिओमीटर १० च्या पुढं जाऊ द्यायचा नाही; या आठवड्यात ताण बसला तर कितीही खत दिलेलं असो, दाणे पोचट राहतात.

३ ऑक्टोबर

दाणा दुधातून चिकात. आजूबाजूला भात नसल्यानं पाखरांचे थवे इथंच उतरतात. जाळी लावली, कारण पाखरांनी खाल्लेली कड मोजमापात खताच्या नावावर पडते. उंदरांनी दोन नळ्या कुरतडल्या, जोडणी लावली. येत्या आठवड्यात पाणी बंद.

१६ ऑक्टोबर. कापणी आणि मोजणी

अ, ब, क कापायला आले. ड आणखी आठ-दहा दिवस, रोपलागणीत तेवढे दिवस जातात.

कडेच्या दोन-दोन नळ्या आणि दोन्ही टोकांचा एक मीटर सोडून मधला भाग वेगळा कापायचा. त्याआधी प्रत्येक तुकड्यात चौकट टाकून लोंब्या मोजल्या, त्यातल्या काही पिशवीत घेऊन भरलेले आणि पोचट दाणे वेगळे केले. चौकट नेहमी तीन ओळींच्या पूर्ण संचावर टाकायची, म्हणजे ६० सेंमी रुंद. नाहीतर नळीजवळची ओळ जास्त धरली जाऊन आकडा फुगतो.

उतारा तीन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. समजा, चौरस मीटरला २५० लोंब्या, लोंबीला ८० भरलेले दाणे, हजार दाण्यांचं वजन २२ ग्रॅम: २०,००० दाणे, ४४० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ४.४ टन. हा नमुन्याचा हिशेब आहे, तुकड्याचा नाही. तो यासाठी की फरक कुठं पडला ते कळावं. लोंब्या कमी असतील तर चूक पहिल्या ४५ दिवसांत, लोंबीतले दाणे कमी असतील तर ऑगस्टच्या मध्यापासून पुढं, दाणे पोचट असतील तर फुलोऱ्यानंतर पाण्यात.

चौकटीतून दिसलेलं: क मध्ये लोंब्या कमी आणि ओळीओळीत असमान, बाजूच्या ओळींत छोट्या. अ आणि ब मध्ये लोंब्यांची संख्या जवळजवळ, अ ची लोंबी किंचित भरीव. केवडा ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त होता तिथं तिन्ही तुकड्यांत लोंब्या विरळ, खत कसंही दिलेलं असो. पुढच्या खरिपात ईडीडीएचए पेरणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी, पिवळेपणा दिसायच्या आत द्यायचं.

मळणी वेगवेगळी, पोत्यांवर तुकड्याचं अक्षर आत-बाहेर दोन्हीकडे. ओलावा मोजून वजन १४ टक्क्यांवर आणायचं: वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८६. दहा किलो भात २० टक्के ओलाव्याचा असेल तर तो ९.३ किलो धरायचा. ड कापून वाळला की चारही वजनं आणि चारही मीटरांचे आकडे एकाच तक्त्यात इथं खाली जोडू.